रामघाटाची मर्यादा आणि घरची भट्टी

मध्य प्रदेश शासनाने १ एप्रिल २०२५ पासून उज्जैनसह राज्यातील १९ तीर्थस्थळांत आणि धार्मिक गावांत मद्यविक्री बंद केली आणि एकूण ४७ दुकानांना टाळे लावले. अहिल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दीच्या वर्षात, त्यांच्याच महेश्वर नगरीत २४ जानेवारी २०२५ रोजी भरलेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत हा निर्णय झाला. २०२८ साली उज्जैनला पुन्हा सिंहस्थाचा मेळा भरावयाचा आहे. क्षिप्रेच्या रामघाटावर त्या वेळी कोट्यवधी भाविक स्नानास उतरतील. त्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दारूचे दुकान नसावे, असे एखाद्या शासनाला वाटले, तर त्यात वावगे काहीच नाही. या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. तीर्थाला जाणाऱ्या माणसाला वाटेत झिंगलेला माणूस आडवा येऊ नये, ही अपेक्षा धर्माची जितकी, तितकीच साध्या नागरी सभ्यतेचीही आहे.

परंतु स्वागताचे दोन शब्द लिहून हा विषय बाजूला ठेवता येत नाही. उज्जैनचे हे उदाहरण आपल्या किनारपट्टीवरील राज्यालाही विचार करावयास लावणारे आहे. तसे पाहिले तर उज्जैन गोमंतकीयांना परकेही नाही. मुसलमानी आमदानीत भग्न झालेल्या महाकालेश्वराच्या मंदिराची अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पुन्हा उभारणी केली, ती राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. हे सारस्वत गृहस्थ शेणवी म्हणूनच इतिहासात ओळखले जातात. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी उज्जैनलाच होती, आणि क्षिप्रेच्या काठच्या घाटांवर आणि देवळांवर मराठी हातांची मुद्रा आजही दिसते. तेव्हा रामघाटावर जे घडते, ते दूरदेशीचे म्हणून सोडून देण्याचे कारण नाही.

या नगरीचे एक वैशिष्ट्य असे, की जेथे शासनाने दारूची दुकाने बंद केली, तेथेच दारू हा देवाचा नैवेद्य आहे. रामघाटापासून थोड्या अंतरावर, त्याच क्षिप्रेच्या काठी काळभैरवाचे देऊळ आहे. तेथे भैरवनाथाच्या मुखाशी मद्याची बशी लावली जाते आणि उरलेले मद्य भक्ताला प्रसाद म्हणून परत मिळते. शारदीय नवरात्राच्या महाष्टमीस नगरपूजा होते. चोवीस खांबा देवळातील महामाया आणि महालाया या देवींना खुद्द जिल्हाधिकारी मद्याचा नैवेद्य दाखवतात, आणि मग तळाला छिद्र पाडलेल्या मडक्यातून मद्याची बारीक धार सांडत पूजेची मंडळी सुमारे २७ किलोमीटरची नगरप्रदक्षिणा करतात. बंदीच्या आदेशाने विक्री थांबली. देवाचा नैवेद्य थांबविण्याचा प्रयत्न शासनाने केला नाही.

यावर हसणारे हसतील. एका हाताने दुकानाला कुलूप लावायचे आणि दुसऱ्या हाताने देवीपुढे बाटली ठेवायची, हा ढोंगीपणा नव्हे काय, असे ते विचारतील. आम्हांस तसे वाटत नाही. नैवेद्याची ती धार वर्षातून एक दिवस वाहते. ती कोणी द्यायची, कोणत्या वाटेने न्यायची, कोठे संपवायची, हे सारे ठरलेले असते. काळभैरवाच्या बशीतही जे जाते ते बशीभरच असते. ज्यांनी ही प्रथा घातली त्यांना मद्याची ताकद ठाऊक होती, म्हणूनच त्यांनी त्याला दिवस, पात्र आणि जागा नेमून दिली. घाटाला ज्याचे नाव आहे त्या रामाला आपण मर्यादापुरुषोत्तम म्हणतो. मर्यादा म्हणजे बंदी नव्हे आणि मोकळीकही नव्हे. मर्यादा म्हणजे वस्तूचे मोल आणि तिचा धोका, दोन्ही जाणून तिला घातलेली वेस. दारूच्या प्रश्नावर आपल्या सरकारांनी आजवर बंदी घालून पाहिली, मोकळीक देऊन पाहिली आणि महसूल तर भरभरून गोळा केला. मर्यादेचा विचार मात्र क्वचितच केला, अशी आमची तक्रार आहे.

मर्यादा पाळून मद्य करणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे, पण आपल्याला ते ओळखीचे वाटावे असे आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गास्कनी नावाच्या जुन्या प्रांतात आर्मन्याक ही द्राक्षाची ब्रँडी होते. ‘ब्रँडी’ हा शब्द मूळ डच भाषेतला, त्याचा अर्थ ‘जाळलेली वाइन’. आर्मन्याकची कीर्ती शेजारच्या कोन्याकएवढी नाही, कारण ती मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीवर वाढलेली नाही. तिचा आधार म्हणजे दहापाच हेक्टरांचा द्राक्षमळा राखणारी लहान शेतकरी घराणी. शरदात द्राक्षे तोडतात, त्यांची पांढरी, काहीशी आंबट वाइन करतात, आणि थंडीच्या दिवसांत ती तांब्याच्या भट्टीत गाळतात. ज्याच्या घरी स्वतःची भट्टी नाही, त्याच्या अंगणात फिरती भट्टी येते. चाकांवर बसविलेले ते तांब्याचे यंत्र घेऊन गाळणारा कारागीर शेतावर येतो, लाकडे पेटतात आणि रात्रंदिवस काम चालते. शेजारीपाजारी त्या भट्टीपाशी जमतात, जेवतात, गप्पा मारतात. हे वर्णन वाचून आपल्या पेडण्या-सत्तरीतील एखाद्या काजकाराला आपल्याच मांडवाची आठवण व्हावी.

परंतु त्या रम्य चित्रापेक्षा त्याला असलेली कायद्याची चौकट अधिक महत्त्वाची आहे. आर्मन्याक कोठे होऊ शकते याच्या सीमा १९०९ सालच्या शासकीय आदेशाने आखल्या गेल्या आणि १९३६ साली तिच्या नावाला पूर्ण कायदेशीर संरक्षण मिळाले. कोणत्या जातीची द्राक्षे चालतील, भट्टी कशी असावी, ओकच्या पिंपात किती काळ ठेवावे, हे ठरलेले आहे. सुगीनंतरच्या ३१ मार्चपर्यंत गाळण्याचे काम संपलेच पाहिजे, त्यापुढे भट्टी पेटवता येत नाही. बाटलीवर साल छापावयाचे असेल, तर त्या बाटलीतील प्रत्येक थेंब त्याच एका सालच्या द्राक्षांचा असावा लागतो आणि तो निदान १० वर्षे पिंपात मुरलेला असावा लागतो. १९८५ चे आर्मन्याक म्हणजे १९८५ सालच्या उन्हापावसाचा अर्क. त्या साली गारा पडल्या असतील तर पिंपे कमी भरली. दरवर्षी पिंपातला काही अंश हवेत उडून जातो, त्याला तेथील लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. पिंपातले मुरणे पुरे झाले असे मालकाला वाटले, की ती ब्रँडी वेताने विणलेल्या मोठ्या काचेच्या बुधल्यात काढतात. तेथे तिचे वय थांबते. बुधल्याच्या गळ्यात सालाची चिठ्ठी लटकत राहते, आणि बापाने गाळलेले मुलगा विकतो, कधी नातू विकतो.

याचा इत्यर्थ काय? लहान घराण्याच्या मद्याला निसर्गाने, कालाने आणि कायद्याने तिहेरी वेस घातलेली आहे. मळा वाढत नाही, हंगाम लांबत नाही, दहा वर्षांचे मुरणे दहा दिवसांत होत नाही. म्हणून ते मद्य महाग राहते, थोडे राहते आणि ज्याने केले त्याच्या नावाने ओळखले जाते. उद्या त्यात भेसळ निघाली तर कोणाच्या दारात जायचे, हे गिऱ्हाइकाला आणि सरकारला, दोघांनाही माहीत असते. जबाबदारीचा याहून साधा मार्ग कोणता?

आता आपल्या घराकडे वळू. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझिलातून काजूचे झाड येथे आणले. बोंडूपासून मद्य गाळण्याची विद्या मात्र येथल्या माणसाने स्वतःच्या हाताने घडविली. झाडावरून बोंडू तोडायचा नाही, पिकून आपोआप खाली पडलेलाच वेचायचा, हा तिचा पहिला नियम. कोळमीत तो पायांनी तुडवायचा, चोथ्याच्या ढिगावर दगड ठेवून नितळ नीरो काढायचा, रस आंबू द्यायचा, भाणात चढवायचा, वाफ लावणीत थंड करायची. पहिल्या गाळपाचा हुर्राक, त्यानंतरच्या गाळपाची फेणी. तिची ताकद ग्रावने मोजायची आणि मोजमाप जवळ नसेल तर उठणाऱ्या फेसावरून ओळखायची. मार्चला भट्ट्या पेटतात आणि मृगाच्या आगेमागे विझतात. पावसापुढे काजकाराचे काही चालत नाही. गास्कनीच्या ३१ मार्चला जे काम कायदा करतो, ते येथे आभाळ करते. जुनी फेणी गर्राफांवात भरून कोनाड्यात जपून ठेवणारी घरे अजून आहेत. गास्कनीचा बुधला आणि गोव्याचा गर्राफांव ही एकाच घाटाची भांडी आहेत. फरक एवढाच, की तेथे बुधल्याच्या गळ्यात सालाची चिठ्ठी आहे, आणि येथे साल कोणते हे घरच्या म्हातारीला माहीत असते, भांड्याला माहीत नसते. म्हातारी गेली की सालही गेले.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००९ साली काजूफेणीला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. २०१६ साली अबकारी कायद्यात दुरुस्ती करून फेणीला राज्याचे वारसापेय म्हणण्यात आले, आणि ‘देशी दारू’ या तुच्छतादर्शक वर्गातून तिची सुटका करण्याचा मार्ग खुला झाला. ‘गोवा फेणी धोरण २०२१’ या नावाने धोरणही जाहीर झाले. हे सर्व स्तुत्य आहे. पण वारसा हा शब्द कागदावर चढला म्हणून वारसदाराच्या चुलीवर भाकरी चढते असे नाही. भौगोलिक निर्देशांक काजूफेणीला आहे, सासष्टीतील रेंदेर ज्या माडावर जीव धोक्यात घालून चढतो त्या माडाच्या फेणीला तो नाही. काजूच्या सरकारी झोनांची अबकारी खात्याकडून पावणी होते. जो हंगामापुरती बोली लावतो, त्याला झाडांच्या पुढच्या वीस वर्षांची चिंता कशी असणार? आणि बाजारात स्पिरिटमध्ये काजूचा वास मिसळून फेणीच्या नावाने विकणारे महाभाग आहेतच. खरा काजकार चार महिने धूर खातो आणि त्याचा माल त्याच्या नावाशिवाय दुसऱ्याच्या बाटलीत जातो. वारसा त्याचा, नाव दुसऱ्याचे, हा कोणता न्याय?

तेरेखोल ओलांडली की तर याहूनही विचित्र देखावा दिसतो. तीच लाल माती, तोच काजू, तीच बोंडे. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत काजूगर काढून घेतल्यावर त्या बोंडांचे ढीग बागेतच कुजून जातात. नदीच्या अलीकडे जो वारसा आहे तोच पलीकडे घरच्या भट्टीत उतरला तर गुन्हा ठरतो. आणि नाशिकच्या द्राक्षांचे काय? महाराष्ट्राने २००१ साली द्राक्षप्रक्रिया धोरण आखले, त्यातून वाइनचे कारखाने उभे राहिले, एकदोन मोठ्यांनी द्राक्षाचीच ब्रँडीही काढली. पण आपल्या देशात ब्रँडी या नावाने जी विकली जाते, तिचा फार मोठा भाग उसाच्या मळीच्या स्पिरिटात द्राक्षाच्या अर्काचा थोडासा अंश मिसळून तयार होतो. लहान मुलाला सर्दी झाली की चमचाभर ब्रँडी पाजणाऱ्या मागच्या पिढीतील किती आजीबाईंना ठाऊक होते, की आपण नातवाला द्राक्ष नव्हे, साखर कारखान्याची मळी पाजतो आहोत? चार एकरांच्या द्राक्षबागायतदाराने स्वतःच्या बागेतील एका सालच्या द्राक्षांची ब्रँडी गाळून, दहा वर्षे मुरवून, स्वतःच्या आडनावाने विकावी, ही कल्पना आपल्या परवान्यांच्या जंगलात केवळ स्वप्नवत् आहे. तेथे वाट आहे ती मळीच्या टँकरला.

हे असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. घरची भट्टी विझविली ती नीतीच्या आग्रहाने नव्हे, तर महसुलाच्या हव्यासाने. १८७८ सालच्या मुंबई अबकारी कायद्याने ब्रिटिशांनी गावोगावच्या विखुरलेल्या भट्ट्या मोडून मोठ्या, सरकारच्या नजरेखालच्या भट्टीखान्यांना आणि मक्तेदारांना बळ दिले. त्याच वर्षी पोर्तुगिजांशी झालेल्या तहाने त्यांनी गोव्याच्या मिठावर ताबा मिळविला आणि आपली अबकारी पद्धतही येथे आणवली. तो तह १८९२ साली संपला. आणि त्याच १८९२ साली मुंबई सरकारने मोहाच्या फुलांचा कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील आदिवासींच्या घरात वाळणाऱ्या फुलांवर पहारा बसविला. जे फूल भुकेच्या दिवसांत त्यांचे अन्न होते, ते दारू होऊ शकते म्हणून संशयित ठरले. परिणाम काय झाला? पिणे थांबले नाही. घरी होत होते ते दुकानात होऊ लागले, धान्य-फुलांच्या बदल्यात मिळत होते ते रोख पैशाने आणि कर्जाने मिळू लागले. सरकारच्या तिजोरीत भर पडली, आदिवासीची जमीन सावकाराकडे गेली.

स्वातंत्र्याच्या चळवळीने दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग केले, ते या पार्श्वभूमीवर. १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात शांततामय पिकेटिंगचा हक्क गांधीजींनी आग्रहाने मान्य करून घेतला. ते पिकेटिंग व्यसनाविरुद्ध होते आणि व्यसनावर पोसलेल्या तिजोरीविरुद्धही होते. आम्ही ज्या संस्कारांत वाढलो, त्या संस्कारांत दारूला प्रतिष्ठा देणे बसत नाही, आणि या लेखाचा हेतूही तो नाही. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. घरची भट्टी म्हणजे निष्पाप सुखाची जागा, असे मानणेही भाबडेपणाचे आहे. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून सुरू झालेली आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासींत पसरलेली देवीची चळवळ आठवावी. अंगात आलेल्या देवीच्या आज्ञेने हजारो आदिवासींनी दारू-ताडी सोडली, कोणत्याही सरकारी हुकमाविना सोडली. त्यांना स्वतःच्या घराचे नुकसान दिसत होते. आजही गोव्यात सायंकाळी नवऱ्याच्या पावलांचा आवाज ओळखून मुलांना आत घेणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यापुढे वारसापेयाचे गोडवे गाण्याची आमची प्राज्ञा नाही.

म्हणूनच ‘मग सरसकट बंदीच का नको?’ हा प्रश्न टाळता येत नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने शासनाला तसे उद्दिष्ट घालून दिले आहे. वर्ध्यात १९७४ पासून बंदी आहे. गडचिरोलीत १९९३ साली लोकांच्याच मागणीवरून ती आली. जेथे बायाबापड्यांनी स्वतः पुढे होऊन ती मागितली, तेथे तिचा मान राखलाच पाहिजे. पण चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ रोजी लागू झालेली बंदी २०२१ साली सरकारलाच उठवावी लागली, आणि उठवताना चोरट्या दारूचा वाढता धंदा हेच कारण पुढे करावे लागले. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे मारली. ते विष कोणा शेतकऱ्याच्या बोंडूतून वा मोहातून आलेले नव्हते. ते कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या मिथेनॉलचे होते, आणि ते विकणाऱ्याच्या पिशवीवर कोणाचे नाव नव्हते, गावाचे नव्हते, सालाचे नव्हते. निनावी दारू हीच खरी मारेकरी आहे. बंदी आणि मोकळीक या दोन्ही टोकांना ती सारखीच फोफावते, हा अनुभव आहे.

याच मध्य प्रदेशाने, ज्याने रामघाटाजवळची दुकाने बंद केली, आणखी एक पाऊल टाकले आहे आणि त्याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. आदिवासींच्या मोहाच्या मद्याला त्या राज्याने वारसा मद्याचा दर्जा दिला आणि ते गाळण्याचा परवाना मोठ्या कारखानदारास न देता आदिवासींच्या स्वसहाय्य गटांना द्यावयाचे ठरविले. अलीराजपूर जिल्ह्यात कट्ठीवाडा येथे भिलांच्या अशा गटाची भट्टी उभी राहिली आणि तिच्या मोहाला ‘मोंड’ हे नाव मिळाले. एका बाजूस तीर्थाच्या वेशीवर दुकानाला मनाई आणि दुसऱ्या बाजूस जंगलातील झाडाखाली कारागिराला मान्यता, या दोन गोष्टी वरवर परस्परविरोधी दिसल्या तरी तशा नाहीत. पहिली विक्रीची मर्यादा आहे, दुसरी निर्मितीची. दोन्ही एकत्र चालविल्या तरच त्यांना अर्थ आहे. दुकाने बंद करून वसुलीचे लक्ष्य इतर ठिकाणच्या ठेक्यांवर लादले, आणि मोहाचे नाव पुढे करून उद्या मोठ्या कंपनीला आत घेतले, तर मात्र दोन्ही पावले वाया जातील.

गोवा सरकारपुढे आम्ही काही स्पष्ट सूचना ठेवू इच्छितो. पहिली ही, की प्रत्येक फेणीच्या बाटलीवर भट्टीचे नाव, गावाचे नाव आणि हंगामाचे साल छापणे सक्तीचे करावे. एका हंगामाचा माल दुसऱ्यात मिसळला तर साल छापता येणार नाही, एवढा नियम पुरे. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात लहान भट्टीवाल्याला परवडेल अशा दरात तपासणीची सोय हवी. दुसरी सूचना, सरकारी झोन पावणीत वर्षाकरिता न देता स्थानिक काजकारांना आणि त्यांच्या सहकारी संस्थांना दीर्घ मुदतीने द्यावेत, आणि झाडे राखण्याची अट त्यात घालावी. तिसरी, फेणीच्या नावाने स्पिरिट विकणाऱ्यास दंड भरून सुटता येऊ नये. त्याचा परवानाच जावा. माडाच्या फेणीच्या नोंदणीचा प्रश्न तडीस नेणे ही चौथी.

पाचवी सूचना सर्वांत अवघड आहे, कारण ती तिजोरीला झोंबणारी आहे. मद्य वस्तू आणि सेवा कराच्या बाहेर आहे, आणि २०१७ सालापासून हाती उरलेल्या मोजक्या करांत अबकारीचे स्थान मोठे असल्याने सर्वच राज्यांचा जीव त्यात गुंतलेला आहे. त्याच साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील दुकाने बंद झाली, तेव्हा आपल्याकडे केवढा आक्रोश झाला! रस्त्यांची नावे बदलण्याच्या, अंतर मोजण्याच्या केवढ्या युक्त्या देशभर निघाल्या! अपघातात मेलेल्यांसाठी एवढी हुशारी कोणी खर्च केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. शाळा, देऊळ, चर्च, मशीद, बसस्थानक यांच्या आसपास नवा परवाना नाही, जुन्याचे नूतनीकरण नाही, आणि अबकारी उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा व्यसनमुक्तीच्या केंद्रांसाठी, असा कायदा करण्याची हिंमत सरकारने दाखवावी. फेणीला वारसा म्हणावयाचे आणि दुसरीकडे कॅसिनोंच्या आणि किनाऱ्यांवरील बारांच्या रोषणाईत मळीच्या दारूचा महापूर वाहू द्यावयाचा, हे वारशाचे रक्षण नव्हे. तो वारशाच्या नावाने केलेला व्यापार आहे.

लहान घराण्यांनाही एक शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. साल छापण्याचा मान हवा असेल, तर सालाची शिस्तही पत्करावी लागेल. चांगल्या हंगामात पैसे आले म्हणून वाईट हंगामात स्पिरिटचा आधार घेऊन चालणार नाही. गास्कनीचा शेतकरी वाईट साल आले तर त्या सालाचे मद्य कमी करतो, कधी करीतही नाही, पण नावाला बट्टा लावून घेत नाही. आपल्या काजकाराच्या पूर्वजांनाही हे ठाऊक होते. झाडावरचा बोंडू तोडू नये, पडलेलाच वेचावा, हा त्यांचा नियम म्हणजे संयमाचाच धडा होता. हात पोहोचत होता तरी त्यांनी तो लावला नाही. हा संयम उत्पादकाने पाळावा, विक्रेत्याने पाळावा, पिणाऱ्याने पाळावा आणि सर्वांत आधी सरकारने पाळावा.

येता हंगाम मार्चमध्ये सुरू होईल आणि त्याआधी झोनांच्या पावणीची तारीख जाहीर होईल. तोपर्यंत सरकारने निदान सालाची आणि गावाची नोंद सक्तीची करणारा साधा आदेश तरी काढावा. त्याला मोठा खर्च नाही, मोठी यंत्रणा नाही. लागते ती मर्यादेला नियम मानण्याची इच्छा, आणि ती सरकारजवळ आहे की नाही, हे त्या तारखेला कळेल.